इतिवृत्त, तहकूब सभेचे

वही उघडतो. तारीख. वेळ रात्री आठ.
स्थळ : पार्किंग, इमारत क्रमांक नऊ, नेरूळ.
क्लबहाउस नाही, कारण त्याची चावी कोणाकडे राहील
हाच विषय क्रमांक सात आहे.
गणपूर्ती नव्हती. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून
त्याच माणसांची तीच सभा
पुन्हा भरवली.

बारा इमारतींच्या महासंघातून
नववीने बाहेर पडावे, हे ठरून अकरा महिने झाले.
एकतीस विरुद्ध एकोणतीस.
कसे पडावे, ते
अजून कुणालाच बहुमताने माहीत नाही.

ठराव अ. बाहेर पडू, टाकी सामाईक ठेवू.
संघवी म्हणाले, मग पडलो कुठे?
नामंजूर.
ठराव ब. स्वतःची बोअर मारू.
कुरियन बाटली घेऊन आले होते, खाडीकडच्या बोअरची.
घोट घेऊन बघा, म्हणाले. बावीस्करबाईंनी घेतला
आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
नामंजूर.
ठराव क. झालं गेलं सोडून राहू तसेच.
मागून आवाज : मग आम्ही एकतीस जण
त्या दिवशी काय भाजी निवडत होतो?
नामंजूर.
ठराव ड. पुन्हा मतदान.
इथे खुर्च्या सरकल्या. सरकल्याचे लिहू नये
असे अध्यक्ष श्री. टिपणीस यांनी सुचवले.

लिहिलेले नाही.

आठवी आणि नववीच्या मध्ये फक्कीची रेघ आहे,
भिंत येईपर्यंतची.
ती बॅडमिंटन कोर्टाच्या पोटातून जाते.
मुले रोज संध्याकाळी ती पायांनी पुसतात,
एक तारखेला ती पुन्हा मारली जाते,
आणि फक्कीचा खर्च कोणत्या खाती टाकायचा
यावर खजिनदारांचे वेगळे पत्र आहे. सोबत जोडले आहे.

साडेनऊला हसुराम भोईरला बोलावले.
पाणी सोडणारा. बाराही इमारतींचे व्हॉल्व्ह
पहाटे पाचला तोच फिरवतो.
नकाशा बिल्डरने दिला नव्हता;
जमिनीखालचे नळ फक्त त्याच्या डोक्यात आहेत.
खांद्यावरची लोखंडी चावी खाली न ठेवता तो उभा राहिला.
म्हणाला, मोठी लाइन इथून जाते, आमच्या बांधाबांधानं.
ती पांढरी गाडी हाय ना, तिथं आमचं खाचर होतं.
कुठं कापायची ते सांगा. कापतो.

कोणी सांगितले नाही.

मग तो, कुणाला उद्देशून नव्हे, म्हणाला,
तुमाला निदान इचारलं तरी. राहता का जाता.

यावर 'साधकबाधक चर्चा झाली' असे लिहिले आहे.
झाली नव्हती. कुणीतरी रिमोटने गाडी उघडली,
पुन्हा बंद केली.

आता घरी, अकरा वाजता, पक्की प्रत करतोय.
एकतिसावे मत माझेच होते असे धरून चालतो;
गुप्त मतदानात हे कुणालाही धरता येते.
ते पाण्यासाठी नव्हते, हिशेबासाठी नव्हते.
आठवीतल्या गोगट्यांनी दोनदा
माझ्या स्कूटरची हवा सोडली होती.
हे कोणत्या विषयाखाली घ्यावे?

उपस्थितीचा तक्ता राहिलाय.
सभासद : चोवीस. निमंत्रित : निरंक.
हसुरामला निमंत्रण नव्हते, हाक मारली होती.
सभासद तर तो नाहीच;
त्याच्या आजाच्या सातबाऱ्यावर
आम्ही साठ बिऱ्हाडं राहतो, इतकंच.
नाव लिहिले. खोडले.
समासात पुन्हा लिहिले, पेन्सिलीने.

सूचक, अनुमोदक, आभार, चहा.
पुढील सभेची तारीख मागाहून कळवण्यात येईल.
पाच वीसला मोरीतला नळ आधी खाकरेल.
बादली लावून ठेवली आहे.